भागाकार करून बघा

41,95,835 ला 31,45,727 ने भागलं की उत्तर येतं 1.33382 आणि पुढे आणखी बरेच आकडे. कागद-पेन्सिल आणि थोडा धीर असेल तर शाळकरी पोरगंही हा भागाकार करील. 1994 साली मात्र जगभरातल्या नव्याकोऱ्या, महागड्या संगणकांना तो जमत नव्हता. इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपवर तोच भागाकार केला की 1.33373 असं उत्तर यायचं. चूक दशांश चिन्हानंतर चौथ्याच घरात. वाण्याच्या बिलात ती कुणाच्या नजरेला आली नसती. पण ज्या यंत्राकडे लोक डोळे मिटून हिशेब सोपवतात, त्याने चौथ्या घरात अडखळावं ही गोष्ट वेगळी.

ही चूक हुडकणारे थॉमस नाइसली हे चिप बनवणारे नव्हते की संगणक-अभियंतेही नव्हते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजात ते गणित शिकवायचे. जुळ्या मूळसंख्यांचा, म्हणजे 11 आणि 13 किंवा 17 आणि 19 अशा दोनच्या अंतराने येणाऱ्या जोड्यांचा त्यांना नाद होता. या संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते अनेक संगणकांवर करत बसले होते. जून 1994 मध्ये बेरजा जुळेनात. पुढचे चार महिने त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर. प्रोग्रॅम तपासला, तो यंत्राच्या भाषेत उतरवणारी प्रणाली तपासली, सुटे भाग बदलून पाहिले. शेवटी संशय ठेवायला एक चिपच उरली. त्यांनी कंपनीला कळवलं. तिथून समाधान होईना, तेव्हा 30 ऑक्टोबरला काही ओळखीच्या लोकांना ई-मेल पाठवला. मागणं साधं होतं: 8,24,63,37,02,441 या संख्येचा व्यस्त काढा, त्याला पुन्हा त्याच संख्येने गुणा, आणि काय येतं ते बघा. यायला हवा 1. पेंटियमवर येत होतं 0.999999996 आणि काही.

पत्र हातोहात फिरलं आणि काही दिवसांत इंटरनेटवरच्या चर्चागटांत पोचलं. तिथे जे घडलं ते मुद्दाम सावकाश पाहण्यासारखं आहे. नॉर्वेतल्या टेर्जे माथिसेन यांनी चूक पकडणारा छोटा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना दिला. कॅलिफोर्नियात दुसऱ्याच कंपनीत चिप आखणारे टिम को यांनी पेंटियमचं पोट कधी पाहिलेलं नव्हतं. पण लोकांनी कळवलेल्या चुकीच्या उत्तरांची यादी समोर ठेवून आतलं भागाकाराचं यंत्र कसं चालत असेल, हे त्यांनी ताडलं. त्या अंदाजावरून चूक सर्वांत ठळक कुठे दिसेल तेही शोधलं, आणि लेखाच्या सुरुवातीचे दोन आकडे त्यातूनच आले. मॅटलॅब या गणिती प्रणालीचे जनक क्लीव्ह मोलर यांनी चुकीला वळसा घालणारी पद्धत बसवायला हातभार लावला. हे सगळे काही एका खोलीत बसून काम करत नव्हते. त्यांना जोडणारी गोष्ट एकच: प्रत्येकाला आपल्या टेबलावर तोच भागाकार करून बघता येत होता.

कारणही पुढे कळलं. हाताने भागाकार करताना आपण दर पायरीला पाढा आठवून 'तीनदा जाईल की चारदा' असा अंदाज घेतो. पेंटियम हा अंदाज तयार कोष्टकातून उचलत असे, आणि त्या कोष्टकातली पाच घरं चुकून रिकामी राहिली होती. हिशेब त्या घरांपाशी गेला की चिप 'दोनदा'च्या ऐवजी 'शून्यदा' असं समजून पुढे जायची.

इंटेलला ही चूक त्याच उन्हाळ्यात आतल्या आत कळली होती आणि पुढच्या चिपमध्ये ती गुपचूप दुरुस्त करायचं ठरलं होतं. बोभाटा झाल्यावर कंपनीने सांगितलं की सामान्य माणसाला या चुकीचा फटका 27,000 वर्षांतून एकदा बसेल. ज्यांचं काम खरोखर अचूकतेवर अवलंबून आहे असं ते पटवून देतील, त्यांनाच चिप बदलून मिळेल. 12 डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे संगणक विकणं थांबवलं आणि आपला हिशेब मांडला: फटका 24 दिवसांतून एकदा. सत्तावीस हजार वर्षं आणि चोवीस दिवस! दोन्ही आकडे रीतसर गणितातून आलेले. फरक होता गृहीतकांत: माणूस दिवसाला किती भागाकार करतो आणि कोणत्या संख्यांचे. इथे आयबीएमलाही धुतल्या तांदळासारखं समजायचं कारण नाही. पेंटियमच्या स्पर्धेतली पॉवरपीसी चिप बनवण्यात तिचा वाटा होता. 20 डिसेंबरला इंटेलने माफी मागितली आणि मागेल त्याला चिप बदलून देण्याचं कबूल केलं. पुढच्या महिन्यात कंपनीच्या हिशेबात या प्रकरणाचा खर्च लागला 47.5 कोटी डॉलर.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातमीत वाचकांनी तोंड घालावं का, या वादात पेंटियमची गोष्ट बरेचदा लोकशक्तीचा विजय म्हणून सांगितली जाते. ती तशी सांगण्यात एक घोटाळा आहे. लोक खूप होते म्हणून ते जिंकले नाहीत. ओरडणारे लाख असते आणि भागाकार कुणाच्याच हातात नसता, तर सत्तावीस हजार वर्षांचा आकडा पचून गेला असता.

मराठीत 'वितंडवाद' हा शब्द घरोघरी आहे. जेवताना दोन भाऊ हुज्जत घालू लागले की आई म्हणते, 'पुरे झाला वितंडवाद.' पण हा शब्द ज्या घरातून आला तिथे त्याला दोन भावंडं होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. 'वाद' म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रमाणं देत, खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा. 'जल्प' म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा. तिच्यात शब्दच्छलही चालतो. आणि 'वितंडा' म्हणजे स्वतःची बाजू अजिबात न मांडता समोरच्याची तेवढी मोडत राहणं. गंमत अशी की मराठीने यातला 'वितंडा' तेवढा नीट सांभाळला. 'जल्प' व्यवहारातून गेला, आणि 'वाद' या शब्दाला आपण इतकी भांडणं चिकटवली की 'त्यांचा वाद झाला' म्हटलं की ऐकणारा 'मिटला का?' असंच विचारतो.

ही जुनी वाटणी आजच्या चर्चेला चपखल बसते, कारण ती बोलणाऱ्याच्या पदवीवर उभी नाही. वितंडा घालणारा अडाणी असतो असं गौतम म्हणत नाही. तो चांगला विद्वानही असू शकतो. त्याची खूण वेगळी: त्याच्याकडे स्वतःचं असं काही नसतं, ज्यावर बोट ठेवून दुसऱ्याला 'हे चूक' म्हणता येईल.

गोवर-गालगुंड-रुबेला यांच्या लशीची गोष्ट घ्या. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी अवघ्या बारा मुलांवर बेतलेला निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची शंका पेरली. 2010 मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. 2019 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण जास्त आढळलं नाही. त्याने वाद मिटायला हवा होता. पण आक्षेप दर वेळी घर बदलत गेला. त्या लशीचं उत्तर मिळालं की लशींमधला पारा, पाऱ्याचं मिळालं की 'एकाच वेळी फार लशी टोचतात'. यातला एकेक प्रश्न सुटा घेतला तर विचारण्याजोगा होता, आणि त्या त्या वेळी तपासलाही गेला. वितंडा आहे ती प्रश्न विचारण्यात नव्हे. 'काय दिसलं तर मी माझं म्हणणं सोडीन' हे कधीच न सांगण्यात आहे.

तज्ज्ञांची तक्रार इथूनच सुरू होते, आणि ती खोटी नाही. एखादं क्षेत्र शिकायला दहा-पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाला, सकाळी मथळा वाचून दुपारी निकाल देणाऱ्याशी बरोबरीने बोलायला लावणं हा अन्याय वाटतो. त्यात वेळ जातो. शंकेला एक ओळ पुरते, उत्तराला दहा पानं लागतात. म्हणून अनेकांचं मत असं, की विज्ञानाची तपासणी विज्ञानाच्या दाराआड व्हावी. नियतकालिकं परीक्षकांकडून निबंध तपासून घेतातच. बाहेरच्यांनी निकालाची वाट पाहावी.

दार मात्र दिसतं तितकं घट्ट नाही.

29 जानेवारी 2014 ला 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने जपानच्या रिकेन संस्थेतल्या हारुको ओबोकाता आणि सहकाऱ्यांचे दोन निबंध प्रसिद्ध केले. दावा थक्क करणारा होता: उंदराच्या पिलांच्या साध्या पेशी सौम्य आम्लात सुमारे पंचवीस मिनिटं ठेवल्या की त्या मूलपेशींसारख्या होतात, शरीरातली वाटेल ती पेशी बनू शकतात. निबंध परीक्षकांच्या नजरेखालून गेले होते, सहलेखकांत नावाजलेली मंडळी होती. आणि तरी काही दिवसांत, बरेचसे नाव न सांगणारे वाचक त्यातल्या चित्रांवर बोट ठेवू लागले. एका चित्रातल्या पट्ट्यांमध्ये एक पट्टी दुसरीकडून आणून चिकटवल्यासारखी दिसत होती. वेगवेगळ्या प्रयोगांची म्हणून दिलेली दोन चित्रं एकसारखी होती. काही चित्रं ओबोकाता यांच्या 2011 च्या प्रबंधातल्या, वेगळ्याच प्रयोगाच्या चित्रांशी जुळत होती. दुसरीकडे अमेरिकेतले मूलपेशी-संशोधक पॉल नोफ्लर आपल्या संकेतस्थळावर विचारत होते की कुणाला हा प्रयोग जमला का? प्रयोगशाळांची उत्तरं येत गेली: नाही, नाही, नाही. 1 एप्रिलला रिकेनच्या चौकशी समितीने गैरवर्तनाचा ठपका ठेवला, 2 जुलैला नेचरने दोन्ही निबंध मागे घेतले.

इथपर्यंत ही पेंटियमचीच गोष्ट. पण ती इथे थांबली नाही. फेब्रुवारीत ज्या माध्यमांनी ओबोकातांना प्रयोगशाळेत स्वयंपाकघरातला पांढरा झगा घालणारी तरुण शास्त्रज्ञ म्हणून डोक्यावर घेतलं, तीच काही आठवड्यांत त्यांच्या खासगी आयुष्यात घुसली. निबंधाचे सहलेखक आणि भ्रूणविकासाचे मान्यवर अभ्यासक योशिकी ससाई यांच्यावर समितीने गैरवर्तनाचा आरोप ठेवला नव्हता. नीट देखरेख न केल्याबद्दल दोष दिला होता. 5 ऑगस्टला त्यांनी आत्महत्या केली. 2017 मध्ये जपानमधल्या प्रसारण-नीतीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने एनएचके वाहिनीच्या एका कार्यक्रमाने ओबोकातांच्या हक्कांचा भंग केल्याचा निर्वाळा दिला.

चित्रातली पट्टी चिकटवलेली आहे का, हे दहा माणसं दहा पडद्यांवर पाहून ठरवू शकतात. ओबोकातांनी ती कोणत्या हेतूने चिकटवली, त्या कशा वागतात, त्यांना वर कुणी चढवलं, हे त्या चित्रात दिसत नाही. वाचक चित्राकडून माणसाकडे सरकले, तिथे वादाचा जल्प झाला. बरेचसे वाचक तेच, हत्यारंही तीच; फक्त तपासण्याजोगी वस्तू हातातून सुटली होती.

हीच गोष्ट भारतात, थोड्या वेगळ्या वळणाने, चार वर्षांनी घडली. जुलै 2018 च्या अखेरीस बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले देव कुमार थापा आणि अंशु पांडे यांनी एक निबंध परीक्षणापूर्वीच आर्काइव्ह या संकेतस्थळावर ठेवला. सोन्यात बसवलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांमध्ये 236 केल्विनला, म्हणजे उणे 37 अंश सेल्सियसला, तेही साध्या दाबाखाली, अतिवाहकता दिसल्याचा दावा त्यात होता. अतिवाहकात वीज विनारोध वाहते. पण एरवी त्यासाठी थंडी तरी भयंकर लागते किंवा दाब तरी. घरातल्या फ्रीजरपेक्षा थोड्याच जास्त थंडीत हे साधत असेल तर ते नोबेलच्या तोलाचं काम होतं. जगभरातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी निबंध उघडला.

ऑगस्टमध्ये एमआयटीतले तरुण संशोधक ब्रायन स्किनर यांना त्यातल्या एका आलेखात विचित्र काहीतरी दिसलं. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत केलेल्या मोजण्यांचे ठिपके वेगवेगळ्या रंगांत मांडले होते. कोणतीही मोजणी थोडी थरथरते. ठिपके रेषेच्या वरखाली हलतात, आणि ती थरथर दर वेळी वेगळी असायला हवी. दोन वेळा मूठभर तांदूळ जमिनीवर फेकले तर दोन्ही वेळा दाण्यांची नक्षी सारखी कशी पडेल? इथे मात्र हिरव्या ठिपक्यांची थरथर आणि निळ्या ठिपक्यांची थरथर अगदी सारखी होती, एक नक्षी उचलून थोडी खाली ठेवल्यासारखी. स्किनर यांनी ही गोष्ट छोट्या टिपणात मांडली आणि तेही आर्काइव्हवर ठेवलं. त्यांनी लबाडीचा आरोप केला नाही. हे का झालं ते आपल्याला ठाऊक नाही, एवढंच म्हटलं.

पुढची चर्चा उघड्यावर झाली आणि तिच्यात मुंबईचाही वाटा होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहकतेवर काम करणारे प्रताप रायचौधुरी फेसबुकवर या आलेखाविषयी लिहीत होते. ही 'थरथर' खरोखर थरथरच आहे की तिच्यामागे काही भौतिक कारण असू शकतं, हा प्रश्न त्यांनी खुला ठेवला. मग प्रकरणाला गुप्तहेरकथेचं वळण लागलं: ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांच्या नावाने त्यांना ई-मेल आले, आणि ते रामकृष्णन यांनी पाठवलेलेच नव्हते असं निघालं. बंगळुरूच्या लेखकांनी दावा सोडला नाही. 2019 च्या मे महिन्यात आणखी सहकाऱ्यांसह त्यांनी निबंधाची सुधारित, अधिक तपशिलाची आवृत्ती मांडली. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला अतिवाहकता मिळाल्याचं मात्र विज्ञानजगताने आजतागायत मान्य केलेलं नाही.

या प्रकरणात स्किनर यांच्या टिपणाचा संयम बघण्यासारखा आहे. ठिपके जुळतात इतकंच ते म्हणाले, कारण वाचकाला आपल्या डोळ्यांनी तेवढंच दिसू शकत होतं. आणि रायचौधुरी यांनी 'जुळतात म्हणजे खोटे' ही उडी मारायचं टाळलं. दोघांनीही दुसऱ्याला तपासता येईल तिथवर पाऊल टाकलं आणि पुढचं पाऊल राखून ठेवलं. न्यायशास्त्राच्या भाषेत हा निर्मळ वाद.

अशा शिस्तीची परीक्षा उत्साहाच्या लाटेत होते. 22 जुलै 2023 ला दक्षिण कोरियातल्या एका गटाने 'एलके-99' हा काळपट पदार्थ 127 अंश सेल्सियसपर्यंत अतिवाहक राहतो असा दावा केला. उकळत्या पाण्यापेक्षाही गरम! शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा हा पदार्थ; कृती इतकी सोपी की भट्टी असलेल्या कुणालाही करून पाहता येईल. सोबत चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत. ऑगस्ट उजाडेपर्यंत कुणी आपली भट्टी थेट प्रक्षेपणात लोकांना दाखवत होतं, कुणी शेअर खरेदी करत होतं, कुणी बिनखर्ची विजेची स्वप्नं रंगवत होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत वीरपाल सिंह अवाना यांच्या गटाने पदार्थ बनवून महिना संपायच्या आतच कळवलं की आमच्याकडे अतिवाहकता दिसली नाही. त्या लाटेत हे वाक्य अगदी बेचव होतं.

उलगडाही तसाच बेचव निघाला. कोरियन आलेखात विजेला होणारा रोध 104 अंशांच्या आसपास धाडकन खाली येत होता. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांना तो आकडा ओळखीचा वाटला, कारण त्यांनी पूर्वी कॉपर सल्फाइडवर काम केलं होतं. एलके-99 बनवताना हे सल्फाइड भेसळीसारखं मागे राहतं, आणि 104 अंशांपाशी त्याची स्फटिकरचना बदलते. रोधातली उडी त्याची होती. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने भेसळ टाळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले पारदर्शक, जांभळट आणि वीज जवळपास न वाहू देणारे. 16 ऑगस्टला नेचरच्या बातमीने विषय संपवला. पंचवीस दिवस.

पंचवीस दिवसांत निकाल लागला तो लोक शहाणे होते म्हणून नव्हे. कोरियन गटाने काय करायचं आणि किती तापमानाला काय दिसेल हे आकड्यांनिशी लिहिलं होतं, म्हणून लागला. दावा चुकीचा होता. पण तो मोडता येईल अशा रीतीने मांडला होता, आणि त्या अर्थी वितंडवाद्यापेक्षा प्रामाणिक होता.

मराठी वाचकाला ही शिस्त परकी नाही. 2008 साली पुण्यात जयंत नारळीकर यांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन झालं: प्रत्येकाला चाळीस कुंडल्या मिळतील, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची ते सांगायचं. एक्कावन्न जण पुढे आले. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या पाहिल्या. तिची 102 उत्तरं बरोबर आली. फलज्योतिषावर महाराष्ट्रात शंभर वर्षं व्याख्यानं झाली असतील, अग्रलेखांवर अग्रलेख पडले असतील. या चाचणीचं वेगळेपण एवढंच, की काय झालं म्हणजे हरलो हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत होतं. ज्या ज्योतिषांनी उत्तरं पाठवली त्यांनी, निकाल काहीही लागो, वादात भाग घेतला. ज्यांनी नुसते बाहेरून आक्षेप घेतले, त्यांच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

आणि याच्याही दीडशे वर्षं आधी महाराष्ट्रात विज्ञानाचा एक मोठा सार्वजनिक वाद सुरू झाला होता. तो होता पंचांगाचा. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिला. त्रिकोणमितीची कोष्टकं टाळून ग्रहगणित सोपं करणारा हा ग्रंथ इतका सोयीचा ठरला की पुढे तीनशे वर्षं पंचांगं त्यावर चालली. हळूहळू आकाश आणि पंचांग यांची फारकत होत गेली. गणिताने ग्रह जिथे असायला हवा, तिथे तो दिसेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टकं' प्रसिद्ध केली आणि पुढे नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग काढायला सुरुवात केली. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. त्यानंतर कित्येक दशकं हा वाद गाजत राहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि खुद्द छत्र्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक अशी मोठी माणसं त्यात उतरली. सुधारकांच्या हातात एक शब्द होता: दृक्प्रत्यय. डोळ्यांना जो अनुभव येतो तोच गणितात यावा. ग्रहण छापलेल्या वेळी लागलं की नाही, हे बघायला ना संस्कृत लागत होतं ना इंग्रजी. अंगणात उभं राहिलं की पुरे.

दृक्प्रत्ययाने वादाचा मोठा भाग सोडवला. ग्रहांच्या जागा आता बहुतेक पंचांगं आधुनिक गणितानेच काढतात. पण त्याने एक प्रश्न सुटला नाही, आणि न सुटण्याचं कारणही तितकंच बोलकं आहे. राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची? आकाशात तशी रेघ मारलेली नाही. टिळकांच्या बाजूने रेवती नक्षत्रातला एक अंधुक तारा आरंभबिंदू धरला. केतकरांनी तेजस्वी चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. दुर्बीण कितीही मोठी लावली तरी यातला खरा कोणता हे ती सांगणार नाही, कारण हा निवडीचा प्रश्न आहे. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1955 च्या अहवालात चित्रेच्या बाजूने कौल दिला; सरकारपुरता विषय तिथे संपला.

आजच्या कितीतरी चर्चा इथेच घसरतात. अणुऊर्जा प्रकल्पातून किती किरणोत्सर्ग होतो हा एक प्रश्न आणि आपल्या गावाशेजारी प्रकल्प असावा का हा दुसरा. जनुकबदल केलेल्या पिकाच्या परागकणांचं काय होतं हा एक प्रश्न आणि बियाण्याची मालकी कुणाची असावी हा दुसरा. पहिल्याला अंगणात उभं राहून उत्तर मिळतं, दुसऱ्याला बैठकीत बसून. पहिल्या प्रश्नावर हरलेला माणूस दुसऱ्यात शिरतो आणि दुसऱ्यावर कोंडीत सापडलेला पहिल्याचे आकडे फेकतो. मग दोघांनाही वाटतं की समोरचा वितंडा घालतोय, आणि दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

पंचांगवाल्यांनी निदान ही दोन खाती वेगळी ठेवायला शिकून घेतलं. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकतो, म्हणून चार अंशांचे चार दिवस होतात. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते, बाकीच्यांकडे 14 किंवा 15 ला. त्या दिवशी सूर्य आकाशात कुठे आहे याबद्दल दोघांत तसूभरही मतभेद नाही. 10 तारखेला एका घरचा तिळगूळ शेजारी जातो, आणि चार-पाच दिवसांनी शेजाऱ्यांचा त्या घरी येतो.